वरची, मधली, खालची

आम्हा तिघींना आपापली नावं होती, पण गाण्याच्या खोलीत ती कुणी वापरायचं नाही. तिथं एक वरची होती, एक मधली होती आणि मी खालची. मधली गाण्याची चाल धरायची, वरची तिच्यावरून जायची आणि मी तळ धरायची. माझा आवाज लहानपणापासून जाड. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत बाई मला मागं उभी करायच्या आणि म्हणायच्या, "तू जरा हळू म्हण." भीमजयंतीच्या गाण्यात मात्र हळू म्हण असं मला कुणी सांगितलं नाही. आमची वस्ती भावसिंगपुऱ्याच्या बाजूला. एप्रिल जवळ आला की अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून आले की हातपाय धुऊन खंजिरी घेऊन बसायचे आणि आम्ही पोरी त्यांच्यामागं कोरस धरायचो. तिथं जोर लागायचा, आणि जोर माझ्याकडं होता.

अशाच एका जयंतीला मास्तरांनी मला ऐकलं. मास्तरांचं गुलमंडीच्या एका बोळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. त्या काळात डिस्कोचं वेड होतं. लग्नाच्या बँडपासून गणपतीच्या मंडळापर्यंत सगळ्यांना तोच ठेका पाहिजे होता. मास्तर आधी अकॉर्डियन वाजवायचे, ते विकून त्यांनी सिंथेसायझर आणला, छताला आरशाच्या तुकड्यांचा फिरता गोळा टांगला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की गायला पोरी नाहीत.

मी गेले तेव्हा खोलीत दोघी आधीच बसलेल्या होत्या. एक छावणीतली, ख्रिस्ती घरातली, चर्चमध्ये गाणारी आणि नर्सिंगचा कोर्स करणारी. ती पुढं मधली झाली. दुसरी, पुढची वरची, कन्नड तालुक्यातल्या एका शेतकरी मराठा घरातली, कॉलेजसाठी शहरात काकांकडं राहणारी. घरी गडीमाणसं, चिरेबंदी घर, पण बोलायला अशी मोकळी की पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तुझा आवाज लई भारी आहे, मला दे ना थोडा."

मास्तरांना आम्ही तिघींनी एकच चाल एकदम म्हणायला हवी होती. छावणीतलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, आमच्या चर्चमध्ये असं नाही म्हणत. तिथं प्रत्येकीची वेगळी चाल असते."

"मग गोंधळ नाय होत?"

"नाही. उलट भरून येतं."

तिनं आम्हाला शिकवलं, त्याला दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ गेला. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडं गाणं म्हणजे एकच चाल. शेजारीण वर गेली की आपला आवाज आपोआप तिच्यामागं जातो. माझा तर लगेच जायचा. मग मधलीनं मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि एका कानात बोट घालायला लावलं. "आम्ही दोघी काय करतोय त्याच्याकडं बघायचंच नाही. तुझी जागा सोडायची नाही," ती म्हणायची. मी जागा सोडायची. ती परत सुरू करायची. त्या भिंतीचा निळा रंग, त्यावरचे पोपडे मला आजही पाठ आहेत. एके दिवशी मी बोट कानातून काढलं, वळून दोघींकडं बघत गायले आणि तरी जागेवर राहिले. तीन आवाज एकमेकांत बसले की खोलीत चौथाच एक आवाज उमटल्यासारखा वाटतो. तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. मास्तरांचा सिंथेसायझरवरचा हात थांबला.

नावं तेव्हाच पडली. "वरची, जरा कमी. मधली, शब्द साफ. खालची, शाबास." आम्हाला त्यात काही वाटलं नाही. पण एका कार्यक्रमात मास्तर माईक चालू आहे हे विसरून म्हणाले, "खालची, पुढं ये," आणि आमच्या वस्तीतल्या कुणीतरी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी आमचा सराव चालू असताना अण्णा दारात उभे. कारखान्याचे कपडेसुद्धा बदललेले नव्हते.

"माझ्या पोरीला खालची कोण म्हणतं?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच भीती वाटली.

मास्तर गडबडले. "अहो, तसं नाय, ते आवाजाचं..."

"वरची कोण हाय?"

वरची पुढं झाली. "मी, काका."

"तुम्ही कोणत्या घरातल्या?"

तिनं सांगितलं. अण्णांनी मान हलवली, जणू त्यांना ठाऊकच होतं. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मधली मात्र शांत होती. तिनं स्टूल पुढं सरकवलं. "काका, बसा. दोन मिनिटं ऐका. मग हिला घेऊन जायचं तर जा."

आम्ही एक कडवं तिघींनी म्हटलं. मग मधलीनं मला हातानं गप्प केलं आणि तेच कडवं त्या दोघींनी म्हटलं. अण्णा स्वतः गाणारे होते, त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते खाली बघत ऐकत होते. दोघींचं संपलं तसं म्हणाले, "हिच्याबगैर गाणं हवेत उडतंय."

"तेच दाखवायचं होतं काका," मधली म्हणाली.

"ते मला कळलं. पण लोकांना कसं कळावं? लोक शब्द ऐकतात, आवाज नाय ऐकत." ते उठले. "खोलीत काय म्हणायचं ते म्हणा. माईकवरनं हिचं नाव घ्यायचं. पुरं नाव, आडनावासकट."

त्या दिवसापासून मास्तर प्रत्येक कार्यक्रमात तिघींची पूर्ण नावं घ्यायला लागले. आयोजक कुरकुर करायचे, आडनावं कशाला म्हणून. मास्तर ठाम राहिले, हे त्यांचं मोठेपण. घरी अण्णा मला मात्र कधीकधी हसून विचारायचे, "काय खालचीबाई, आज कुठं गाणं?"

आमचे कपडे मधली शिवायची. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानातून टिकल्यांचं चमचमतं कापड आणायचं आणि तिनं त्याचे लांब बाह्यांचे झगे करायचे. अंगाला त्या टिकल्या इतक्या टोचायच्या की आम्ही आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावायचो. जालना, परभणी, बीड, अंबड, सगळीकडं गेलो. वाळूजला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते, तिथल्या स्नेहसंमेलनांत कामगार वर्दीतच येऊन बसायचे. लोकांना आम्ही नाचावं असं वाटायचं. आम्ही नाचायचो नाही. जागेवर उभं राहून, खांदा आणि हात एका वेळी हलवायचे, एवढंच. एका गावात पुढच्या रांगेतले लोक ओरडायला लागले, "नाचा, नाय तर उतरा!" वरचीनं माईक हातात घेतला. "आम्ही गायला आलो. ज्याला नाचायचं त्यानं खाली जागा करून नाचावं, आम्ही थांबतो." लोक हसले. दोघंतिघं उठून खरंच नाचले, आणि कार्यक्रम पार पडला.

मग कॅसेटची संधी आली. पुण्याच्या एका कंपनीला मराठी डिस्को गाण्यांची कॅसेट काढायची होती. गाणी मास्तरांनीच लिहिलेली. त्यातलं एक फार चाललं, 'थांब जरा, थांब जरा, ठेका आता लागला,' त्यात मधेच मी एकटी खाली उतरते आणि वरून त्या दोघी पावलं टाकत येतात. आम्ही एसटीनं पुण्याला गेलो, दिवसभर काचेच्या खोलीत गायलो, आणि परत येताना नगरच्या स्टँडवर भजी खात तिघींनी ठरवलं की पहिली कॅसेट आली की पेढे वाटायचे.

कॅसेट आली ती गुलमंडीतल्या दुकानाच्या काचेत. मी आणि वरची कापड घ्यायला गेलो होतो. वरचीनं माझा दंड धरला. "ते बघ."

वेष्टनावर एक पोरगी होती. फुगवलेले केस, तोकडा चमकता झगा, हातात माईक. आम्ही तिला जन्मात पाहिलं नव्हतं. आतल्या कागदावर संगीतकाराचं नाव होतं, वाजवणाऱ्यांची नावं होती, आणि आमच्या जागी एकच शब्द होता, 'कोरस'.

आम्ही मास्तरांकडं गेलो. त्यांनी कॅसेट उलटसुलट करून पाहिली, चष्मा काढला, पुसला. "धंद्यात असं चालतं गं पोरींनो. फोटो विकायला लागतो. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी नाय," वरची म्हणाली. "आत्ता."

"आत्ता काय करणार? कंपनी पुण्यात."

"दुकानं तर इथं हायत."

तो विचार तिचा होता. मला वाटलं, रागात बोलली, उद्या विसरेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती मधलीला घेऊन माझ्या घरी हजर. आम्ही साध्या साड्यांत गुलमंडीत गेलो. दुकानदार म्हातारे होते, पांढरी टोपी, समोर चहाची बशी. गझलांचे शौकीन, डिस्को त्यांना अजिबात आवडायचा नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

"चाचा, ही कॅसेट आम्ही गायलोय," वरची म्हणाली.

त्यांनी वेष्टनाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. "ये तो कोई और बच्ची है, बेटा."

"फोटो तिचा आहे. आवाज आमचा आहे."

"सब ऐसाइच बोलते."

"मग लावा."

त्यांनी कॅसेट लावली. ठेका सुरू झाला तशा आम्ही तिघी दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो आणि तिच्याबरोबर गायला लागलो. रस्त्यावरचे लोक थांबले. समोरचा भांडीवाला बाहेर आला. पहिलं कडवं झालं आणि चाचांनी बटण फिरवून आवाज पार बंद केला. कॅसेट आत फिरत राहिली, बाहेर फक्त आम्ही. माझी एकटीची जागा आली. सायकलच्या घंट्या, हातगाडीवाल्याची आरोळी, आणि मी गुलमंडीच्या पायरीवर भर उन्हात खाली उतरत होते. आवाज जागेवर होता. वरून दोघी आल्या. चाचांनी बटण पुन्हा उलटं फिरवलं. मशीनमधल्या आम्ही आणि पायरीवरच्या आम्ही एकाच शब्दावर होतो.

मग भांडीवाल्यानं हातातला तांब्या कठड्यावर आपटून ठेका धरला आणि लोक हसत टाळ्या वाजवायला लागले. चाचांनी मशीन बंद केलं.

"मेरेकू ये गाना अब भी पसंद नहीं," ते म्हणाले. "मगर हक तुम्हारा है. नाम बोलो तुम्हारे."

त्यांनी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत आमची तिन्ही नावं लिहिली आणि पुठ्ठा काचेत कॅसेटच्या वर टांगला. आम्ही तिथंच थांबलो नाही. शहागंज, स्टेशन, छावणी, टीव्ही सेंटर, जिथं जिथं कॅसेट मिळत होती तिथं तिथं गेलो. काही ठिकाणी गावं लागलं, काही ठिकाणी गुलमंडीची गोष्ट आमच्याआधीच पोचली होती. एका दुकानदारानं हाकलून दिलं. वरची त्याच्या समोरच्या रसवंतीत बसली आणि तिथून गायली, तेव्हा त्यानं हात जोडले. मग आम्ही एका छापखान्यातून नावांच्या पट्ट्या छापून घेतल्या आणि दुकानदारांच्या परवानगीनं स्वतःच्या हातानं एकेका कॅसेटवर चिकटवल्या. कंपनीनं वेष्टन बदललं नाही, कधीच नाही. पण आमच्या शहरात ती कॅसेट आमच्या नावानंच विकली गेली.

त्यानंतरची काही वर्षं आमची होती. मग ठेके बदलले. लोकांना दुसरं काही आवडायला लागलं, मोठमोठे ऑर्केस्ट्रा आले, मास्तरांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि त्यांनी दुकान भाच्याला देऊन टाकलं. भांडण झालं नाही, रडारडही नाही. कार्यक्रम एकेक करून कमी होत गेले आणि एका हंगामात कुणाचं बोलावणं आलंच नाही. वरचीचं लग्न पैठणकडं झालं. लग्नाआधी तिनं सासऱ्यांना सरळ विचारलं होतं, "मी गाते, चालंल का?" ते म्हणाले होते, "घरात म्हण की." घरात म्हणजे देवापुढं, सणावाराला. मधली सरकारी दवाखान्यात नर्स झाली. मी वाळूजला स्विच बनवणाऱ्या कारखान्यात लागले. कॉइल गुंडाळायचं काम, पाळीची बस, पहाटेचा डबा. तिथंच माझ्या नवऱ्याची ओळख झाली, तो मशीन दुरुस्त करायचा. त्याला मी गाते हे लग्नानंतर कळलं, कारण मशीनच्या आवाजात मी पूर्णवेळ गुणगुणत असायची आणि त्याला वाटायचं की मशीनचं बेअरिंग गेलंय.

वरचीनं काय केलं ते मला फार उशिरा कळलं. तिच्या सासरी पिठाची गिरणी होती. नवरा शेतावर गेला की गिरणी तीच चालवायची. पट्टा फिरायला लागला की बाहेरच्या माणसाला आतलं काही ऐकू जायचं नाही. मग ती गायची, पोटातून, सगळ्यात वरच्या सुरात. गिरणीची घरघर सूर देते म्हणायची. ज्वारीचा सूर वेगळा, गव्हाचा वेगळा. दळण घ्यायला आलेल्या बायकांना तिचे नुसते ओठ हलताना दिसायचे, त्यांना वाटायचं जप करतेय. अशी ती वर्षानुवर्षं गायली.

आता आम्ही तिघीही साठीच्या पुढं आहोत. मी निवृत्त होऊन पुंडलिकनगरला राहते. नवरा घरीच असतो आणि शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करतो. वरचीचे यजमान गेले आणि ती मुलाकडं शहरात आली. येताना गळ्यात गाठ घेऊन आली. थायरॉइडची. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. म्हणजे बोलणं राहिलं, खरखरीत, दारावर पॉलिश पेपर घासल्यासारखं. मी आणि मधली भेटायला गेलो तर तिनं पाटीवर लिहून विचारलं, 'चहा?' आणि स्वतःच हसली.

त्याच सुमारास फोन आला. शहरात साउंड सिस्टीम भाड्यानं देणाऱ्या एका गृहस्थांनी जुन्या ऑर्केस्ट्रांतल्या कलाकारांची एक संध्याकाळ ठरवली होती. त्यांना आम्ही पाहिजे होतो. मी वरचीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. मग तुम्ही दोघी या. ट्रॅक लावू, तिचा आवाज ट्रॅकमध्ये कुणाचा तरी भरून घेऊ."

मी ते वरचीला सांगणारच नव्हते. मधलीनं सांगितलं, तिचा स्वभावच तसा, जखम झाकायची नाही. वरचीनं हातातली पाटी बाजूला ठेवली. मग त्या खरखरीत आवाजात म्हणाली, "कुणाचा तरी?"

"हो. असं म्हणाले."

"मी येते."

"अगं, आवाज..."

"आवाज काढू की. इतकी वर्षं गिरणीत काढला."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेहनत घेतली तर काही परत येईल, सगळं नाही. मधलीनं दवाखान्यातल्या ओळखीनं आवाजाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई शोधल्या. त्यांनी एक गंमतशीर व्यायाम दिला. पेल्यात अर्धं पाणी घ्यायचं, त्यात स्ट्रॉ घालायची आणि स्ट्रॉतून सूर काढायचा, पाण्याला बुडबुडे येतील असा. दुपारी माझ्या हॉलमध्ये आम्ही तिघी तीन पेले घेऊन बसायचो. गरज एकीलाच होती, पण ती एकटी बुडबुडे काढत बसली असती तर तिला अपमान वाटला असता. माझा नवरा मिक्सर बाजूला ठेवून आम्हाला बघायचा. "एवढ्या म्हाताऱ्या झाल्या आणि पाण्यात फुगे काढतात," म्हणायचा. पण साडेतीनचा चहा तोच करून आणायचा.

पहिले महिने वाईट गेले. बुडबुडे यायचे, सूर यायचा नाही. एकदा वरचीनं वरची जागा घ्यायचा प्रयत्न केला आणि नुसती हवा आली. तिनं पेला बाजूला सरकवला.

"मी नुसती उभी राहते. गा तुम्ही दोघी."

"नुसतं उभं राहायला आम्ही पुतळा आणू," मधली म्हणाली. "तू नको."

"माझं वरचं गेलं गं. कळत नाही का तुला?"

"वरचं गेलं. खालचं काय झालं ते बघितलंस का?"

तिनं पेटी ओढली आणि खालच्या पट्टीतला एक सूर दाबला, माझ्याही खालचा. वरचीनं वैतागून तोंड उघडलं आणि आवाज आला. सुरेल म्हणता येणार नाही, जाड, भेगाळलेला, पण टिकणारा. आम्ही तिघींनी एकमेकींकडं बघितलं. वरची रडली नाही. तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "हा कुणाचा आवाज आहे?"

"तुझा," मी म्हणाले. "सवय करून घे."

मग गाणं नव्यानं बसवावं लागलं. सगळ्यात वरच्या सुरातली चाल सोडून दिली. ती चाल ज्यांना आठवत असेल त्यांना ती जागा रिकामी वाटणार, हे आम्हाला माहीत होतं. मधलीनं चाल धरली, मी माझी जागा थोडी वर घेतली, आणि वरचीनं माझ्याखाली. तिला आयुष्यात खाली गायची सवय नव्हती. ती सारखी माझ्या चालीवर यायची. मी तिला भिंतीकडं तोंड करून उभी केली. तिनं मला एक शिवी दिली आणि उभी राहिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आयोजकांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, हे ओरिजिनलसारखं नाही वाटत. ट्रॅक मूळ पट्टीत आहे, लोकांना तेच पाहिजे."

"तुम्ही ट्रॅक लावू नका," मधली म्हणाली. "पेटी आणि ढोलकी द्या."

"डिस्कोला ढोलकी?"

"ठेका तोच राहील."

ते तयार झाले, थोडे नाइलाजानंच.

सभागृह निम्मं भरलं होतं. आमच्या वयाची माणसं, त्यांच्यासोबत आलेली सुना-मुलं. आम्ही साध्या साड्यांत गेलो. सूत्रसंचालकानं तिघींची नावं आडनावांसकट घेतली, तशी आम्ही आधी सांगूनच ठेवली होती. पहिलं कडवं बरं झालं. दुसऱ्यात वरचीचा आवाज मधेच बंद पडला. नुसता थांबला, दोरा तुटल्यासारखा. मी आणि मधलीनं तिची जागा भरायची नाही असं ठरलेलं होतं, तिनंच तसं बजावलं होतं. आम्ही आमच्या जागी गात राहिलो आणि ती रिकामी ओळ सगळ्या सभागृहाला ऐकू गेली. पुढच्या ओळीवर ती परत आली. तिनं डोळे मिटले नव्हते, समोर बघत होती. काही लोक मोबाइल बघत होते, तेही सांगायला हवं. पण संपल्यावर टाळ्या वाजल्या त्या दयेच्या नव्हत्या. दया मला ओळखू येते.

बाहेर आल्यावर वरची म्हणाली, "ती ओळ मला पाहिजे."

"कोणती?"

"जी तुटली ती. नीट म्हणून दाखवते. रेकॉर्ड करू."

मला वाटलं होतं, एकदा स्टेजवर उभ्या राहिलो, झालं. पण ती थांबली नाही. पुन्हा पेले, पुन्हा स्ट्रॉ, पुन्हा माझी भिंत. पावसाळा गेला, दसरा गेला. मग आम्ही गारखेड्यातल्या एका छोट्या स्टुडिओत गेलो. तो चालवणारा तिशीतला, चांगला मुलगा, कानाला हेडफोन. तो म्हणाला, "मावशी, एकेक जण आत या. वेगवेगळं घेऊ. कुठं चुकलं तर मी कॉम्प्युटरवर सूर सरळ करून देतो. कळणारपण नाही."

"मला कळंल," वरची म्हणाली.

"मग कसं करायचं?"

"तिघी एकदम. आणि तू काही सरळ करू नको."

पहिल्या वेळी मधली हसली. दुसऱ्या वेळी माझी जागा सुटली, वयानं दम पुरत नाही आता. तिसऱ्या वेळी सगळं जमत आलं आणि ती ओळ आली. वरचीनं ती गायली, पूर्ण, न तुटता, शेवटच्या अक्षरावर मात्र आवाज जरा घसरला. काचेपलीकडून त्या मुलानं अंगठा वर केला. "मावशी, एकदम मस्त! हेच ठेवू."

मधली खुर्चीवर बसायला लागली होती. मी पाण्याची बाटली उघडली होती.

वरचीनं घसा खाकरला, पदर कमरेला खोचला आणि काचेकडं बघून म्हणाली, "नाय. परत."

मधली उठली. मी बाटलीचं झाकण लावलं. आम्ही पुन्हा उभ्या राहिलो.